मुरघास: विकतची बेल घ्यावी की पिशवी भरावी?

आमच्या गोठ्यात अकरा दुभत्या संकरित गाई, दोन भाकड आणि चार कालवडी. गाव फलटण तालुक्यात, जमीन कॅनॉलच्या शेवटाला. आवर्तन (कॅनॉलच्या पाण्याची पाळी) वेळेवर आलं तर वैरणीची ददात नाही, आणि लांबलं की एप्रिल-मेमध्ये पेंढीपेंढीसाठी गावभर फोन. तोवर ऊसतोड असली तर उसाचं वाढं (हिरवे शेंडे) मिळतं. वाढ्यानं पोट भरतं, पण त्यातलं ऑक्झलेट अंगातला चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतं. म्हणूनच आमच्या भागात व्यालेली गाय तिसऱ्या दिवशी मान टाकून बसली की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "वाढं किती घालताय?" कडबा चांगला, पण आता ज्वारी करतो कोण? शेवटी सगळे मुरघासावर आले, तसे आम्हीही आलो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: मका दाण्यात चीक भरून घट्ट व्हायला लागला की ताटासकट कापायचा, अर्धा-पाऊण इंचाची कुट्टी करायची, हवा राहणार नाही अशी दाबायची आणि तोंड बंद करायचं. आतले लॅक्टिक आम्लाचे जिवाणू मक्यातली साखर खातात, आम्ल तयार होतं, सामू (आंबटपणाचं माप, pH) चारच्या आसपास उतरतो आणि चाऱ्याचं कुजणं तिथेच थांबतं. 45 दिवसांनी उघडायचा. हवा शिरली नाही तर वर्षभरही टिकतो. आमच्या आत्यांना (सासूबाईंना) हा प्रकार पहिल्यांदा अजिबात पटला नव्हता. "आंबलेलं का घालता जनावराला, ताजं नाही का मिळत?" हा त्यांचा सवाल. गाईंनी गव्हाण चाटून साफ केल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पटल्याचंही त्यांनी आजतागायत कबूल केलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही दोन्ही प्रकार वापरतो. एक म्हणजे व्यापाऱ्याकडून येणारी, प्लॅस्टिक फिल्म गुंडाळलेली तयार बेल. दुसरा म्हणजे कुट्टीवाल्याला बोलावून दारात भरून घेतलेली एक टनाची पिशवी. नावं कुणाचीच देत नाही, कारण एकाच व्यापाऱ्याचा माल एका गाडीला सोनं आणि दुसऱ्या गाडीला पाचट निघतो.

बेलीची तारीफ आधी करते. दाबून बांधलेली असते, आणि हे काम यंत्र जसं करतं तसं पिशवीत पायानं तुडवून कधीच होत नाही. आमच्याकडे येणारी बेल पन्नास-साठ किलोची. दोघांनी धरून हातगाडीवर ठेवता येते, मालक (आमचे हे) घरी नसले तरी माझं अडत नाही. फिल्म कापली की आतून फिकट पिवळसर-हिरवा रंग आणि आंबूस गोड वास. चांगल्या बेलीत बुरशीची रेषसुद्धा नसते. एक उघडली, त्या दिवशी संपवली, पुढची उद्या. दोन-तीन गाईंच्या घराला याहून सोयीचं दुसरं काही नाही. टनाची पिशवी उघडून दोन गाईंना घालायची म्हटली तर महिना जाईल, आणि आठवड्याभरात वरचा थर गरम व्हायला लागेल. दोन गाईवाल्यांनी टनाच्या पिशवीच्या नादी लागूच नये.

पण बेल झाकलेली असते. फिल्मच्या आत काय आहे ते गाडी उतरवून पैसे दिल्यावरच कळतं. यंदाच्या उन्हाळ्यात मी दोन ठिकाणांहून माल घेतला. एकाचा भाव किलोला 5.50 रुपये, दुसऱ्याचा 6.50, गोठ्यापर्यंत पोच. मालक म्हणाले, स्वस्ताची घेऊ. मी दोन्हीकडच्या थोड्या बेली मागवल्या आणि तव्यावर परीक्षा लावली. अर्धा किलो मुरघास मोजून मंद आचेवर तव्यात परतत राहायचं, करपू द्यायचं नाही, वजन उतरायचं थांबलं की पुन्हा मोजायचं. महागाच्या अर्धा किलोतून 160 ग्रॅम कोरडं राहिलं, म्हणजे 32 टक्के. स्वस्ताच्यातून 110 ग्रॅम, म्हणजे 22 टक्के. बाकी पाणी.

आता भागाकार करा. 6.50 ला 32 टक्के म्हणजे कोरड्या चाऱ्याचा किलो सुमारे 20 रुपये 30 पैशाला पडला. 5.50 ला 22 टक्के म्हणजे 25 रुपयाला. स्वस्ताचाच माल किलोमागे पावणेपाच रुपयांनी महाग! गाय पाणी हौदावर फुकट पिते, ते बेलीत बांधून टेम्पोच्या भाड्यासकट कशाला विकत घ्यायचं? हा हिशोब मी वहीच्या पानावर लिहून मालकांच्या पुढ्यात ठेवला, तेव्हापासून आमच्या घरात भावाची चर्चा तव्याशिवाय होत नाही.

पाणी जास्त असण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, मका कोवळा कापलेला. शेतकऱ्याला रान लवकर मोकळं हवं असतं आणि व्यापाऱ्याला ओला माल वजनाला बरा. दाणा फोडून पाहिला तर खालच्या टोकाकडे दूध आणि वरच्या बाजूला पीठ, मधली रेषा साधारण अर्ध्यावर, ही कापणीची वेळ. वाणावर आणि हंगामावर अवलंबून पेरणीपासून पंचाहत्तर ते नव्वद दिवसांत ती येते. तेव्हा ताटात 65 ते 70 टक्के पाणी असतं आणि तेवढंच बरोबर. कोवळ्या मक्याच्या बेलीतून खाली काळपट रस गळतो. गाडीच्या फळीवरून रस ओघळताना दिसला तर समजा, साखर आणि पैसे दोन्ही रस्त्यावर गेले. असल्या ओल्या मालात वासही बिघडतो. आंबूस वास जाऊन कुजकट, उबग आणणारा घाण वास येतो, हाताला लागला तर साबणानंही जात नाही. उलट मका वाळून गेल्यावर केलेल्या कुट्टीत हवा राहते, ती तापते आणि तंबाखूसारखी तपकिरी होते. गाय तीही खाते, अगदी आवडीनं खाते, पण त्यातलं प्रथिन जळून गेलेलं असतं. म्हणून "जनावर खातंय की" या एका वाक्यावर माल पास करू नये.

दुसरी गोम दाण्याची. मक्याच्या मुरघासाला भाव आहे तो कणसामुळे. चांगल्या मालाच्या कोरड्या भागात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त स्टार्च असतो आणि तो दाण्यातून येतो. काही लोक हिरवी कणसं आधी बाजारात घालतात आणि उरलेल्या ताटांची कुट्टी करून "मक्याचा मुरघास" म्हणूनच विकतात. नाव खोटं नाही, ताटं मक्याचीच असतात! मी बादलीभर पाण्यात दोन ओंजळी मुरघास टाकून हलवते. पालापाचोळा तरंगतो, दाणे तळाला बसतात. तळाशी काय आणि किती साचलं ते बघायचं. त्या 5.50 वाल्याच्या बादलीत चार-दोन कोवळे पांढरे दाणे होते, बस्स. दुसऱ्याच्या बादलीत तळ पिवळा झाला होता.

तिथंच आणखी एक दिसलं, आणि हे महागाच्या मालाबद्दलचं गाऱ्हाणं आहे. दाणे भरपूर, पण निम्मे अख्खे. अख्खा दाणा गाईच्या पोटातून तसाच बाहेर येतो. सकाळी शेण काढताना पो मध्ये पिवळे दाणे दिसायला लागले, कोंबड्या शेणाच्या ढिगावर खूष. कापणी यंत्राला दाणा चिरडणारे रोलर असतील तर हे होत नाही, किंवा पाती धारदार ठेवून बारीक कुट्टी केली तरी बरंचसं टळतं. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "वहिनी, दाणा दिसला तरी तक्रार, नाही दिसला तरी तक्रार." माणूस बोलायला गोड आहे, पुढची गाडी बारीक कुट्टीची पाठवली. त्याला मी पाचपैकी साडेतीन देईन. 5.50 वाल्याला दोनही देणार नाही, आणि त्यातला एक गुण वेळेवर गाडी पाठवल्याचा आहे.

पिशवीची गोष्ट वेगळी. इथं माल आपल्या डोळ्यांसमोरचा. आम्ही उभा मका घेतो, बहुतेकदा आफ्रिकन टॉल. हा राहुरीच्या विद्यापीठाचा जुना चाऱ्याचा वाण. उंच वाढतो, पाला भरपूर, पण कणीस दाण्याच्या हायब्रीडइतकं भरत नाही. म्हणून नुसत्या उंचीवर भुलून सौदा करू नये, दहा-बारा ताटांची कणसं सोलून बघावीत. 2018 साली लष्करी अळी आपल्याकडे आली, तेव्हापासून पोंग्यात (ताटाच्या मधल्या कोवळ्या पानांत) अळी शिरलेली असेल तर कणीस अर्धं असतं, तेही बघावं. आणि फवारणी कधी झाली ते विचारावं. औषधाच्या डब्यावर जे दिवस लिहिलेले असतात ते चाऱ्यालाही लागू आहेत.

कुट्टीवाला ट्रॅक्टरवरचं यंत्र घेऊन येतो, सोबत तीन-चार पोरं. आमच्याकडे त्याचा दर टनाला 800 रुपये, पिशवी आणि कापणी आपली. पोरं कष्टाळू आहेत, यात वाद नाही. भर दुपारी पिशवीत उतरून तुडवणं म्हणजे गंमत नव्हे. पण त्यांना टनावर पैसे मिळतात, त्यामुळे घाई असते. मधोमध नाचल्यासारखं तुडवतात आणि चारी कोपरे पोकळ राहतात. नेमकी तिथंच पुढे पांढरी बुरशी येते. मी शेजारी खुर्ची टाकून बसते आणि दर थराला "कोपरा, कोपरा" ओरडते. एक पोरगा मला आता 'कोपरा काकू' म्हणतो. म्हणू दे.

पिशवीत दोन भाग असतात, बाहेरची विणलेली जाड पिशवी आणि आतलं पातळ प्लॅस्टिकचं लायनर. दुकानदार बाहेरच्या पिशवीची जाडी दाखवतो, पण हवा अडवतं ते लायनर. ते प्रकाशाकडे धरून बघा. भोक असेल तर टिकलीएवढा उजेड दिसतो. आमच्या पिशव्या जोडीनं 700 रुपयांच्या. बाहेरची पिशवी दोन हंगाम चालली, शिलाई उसवली तरी सुतळीनं शिवता येते. लायनर दरवेळी नवीन घ्यावं, तिथं काटकसर नको. भरून झालं की वरची हवा हातानं दाबून काढायची, तोंड पिळून बांधायचं, दुमडून पुन्हा बांधायचं आणि वर मातीची पोती ठेवायची. आणि पिशवी जिथं उघडायची तिथंच भरायची. टनाचं ओझं नंतर कुणाचा बाप हलवत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी शेतात भरल्या, आता रोज पाट्या वाहतात.

कल्चरच्या पुडीबद्दल, म्हणजे चारा आंबवणाऱ्या जिवाणूंच्या पुडीबद्दल, सगळे विचारतात. टनाला शंभराच्या आसपास खर्च येतो, मी टाकते. पण मका वेळेवर कापलेला आणि नीट दाबलेला असेल तर पुडीशिवायही तो जमतो, कारण मक्यात साखर मुबलक आहे. गूळ, मीठ, युरिया, ताक असली लांबलचक पाककृती गावोगाव फिरते, ती मक्याला तरी इतकी लागत नाही. पुडी कुजका मका सुधारत नाही, एवढं विक्रेत्यानं सांगायला हवं, पण तो सांगत नाही. लसूणघासाचं मात्र वेगळं. त्यात प्रथिन जास्त, साखर कमी, त्यामुळे आम्ल लवकर चढत नाही आणि नुसत्या घासाचा मुरघास सहज नासतो. धाकटे दीर राहुरीला शिकत होते, त्यांनी सांगितलं की अशाच चाऱ्यात वरून आम्ल घालून तो टिकवायची पद्धत फिनलंडच्या विर्तानेन नावाच्या शास्त्रज्ञानं काढली आणि त्याला 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वैरणीला नोबेल! हे आत्यांना सांगितलं तेव्हा मात्र त्या हसल्या.

खर्चाचं म्हणाल तर आमचा टनाचा हिशोब असा झाला: मका 2,800, कापणी आणि वाहतूक 500, यंत्र 800, पिशवी 700, कल्चर 100, एकूण 4,900 रुपये. त्यात वरचा, कोपऱ्याचा मिळून आठ टक्के माल फेकावा लागतो असं धरलं तर किलो 5 रुपये 30 पैशांच्या आसपास पडतो. म्हणजे चांगल्या बेलीपेक्षा किलोला सव्वा रुपया स्वस्त. रोज पावणेदोनशे किलो लागणाऱ्या आमच्यासारख्यांना हा फरक महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास जातो. पण त्यासाठी मका उभा असताना हातात रोख पैसा लागतो आणि 45 दिवस थांबायची ऐपत लागते. दुधाची पट्टी (बिलाचे पैसे) दहा दिवसांनी येते, त्यात बेलीचीच उधारी जमते, हेही खरं.

फेकण्यावरून आमच्याकडे वाद होतो. बुरशीचा भाग काढून उरलेला घालायचा की आजूबाजूचा चांगला दिसणाराही टाकायचा? मी हातभर टाकते. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष आलं तर ते गाईच्या पोटातून दुधात उतरतं, आणि दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. डोळ्यांना दिसणारी गोष्टच नव्हे ती. गाभण गाईला तर शंकेचा माल अजिबात नाही, गाभडली तर एका पाटीची बचत वर्षाला भोवते.

गाईंवर काय फरक पडला? आधी दोन-तीन किलोंपासून सुरू करून आठवडा-दीड आठवड्यात गाईमागे पंधरा-सोळा किलोंवर आणलं. दूध वाढण्यापेक्षा ते रोज सारखं यायला लागलं, हा मोठा फायदा. पूर्वी वैरण बदलली की दोन दिवस कॅन रिकामा. दूध सेंटरवर फॅट 3.5 आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) 8.5 राखायला त्रास कमी झाला. एका गाडीच्या वेळी मात्र पो पातळ व्हायला लागला आणि फॅट उतरली, तेव्हा डॉक्टरांनी मुरघास तीन किलोंनी कमी करून कडब्याची कुट्टी वाढवायला आणि खाण्याचा सोडा द्यायला सांगितलं. ते ओल्या मालाचेच दिवस होते. कोरडी वैरण सोबत हवीच. आणि पेंडीला सुट्टी नाही. मक्याच्या मुरघासात प्रथिन जेमतेम सात-आठ टक्के, त्यामुळे सरकी पेंड किंवा लसूणघास चालू ठेवावाच लागतो. "मुरघास घातला की खुराक बंद" असं सांगणारा विक्रेता दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. धार काढायच्या आधी घालू नका, वास दुधात येतो. धार झाली की मग गव्हाण भरा. लहान वासरांना आम्ही घालत नाही.

तर माझा कौल असा. पाच-सहापेक्षा जास्त दुभती असतील आणि दारात जागा असेल तर पिशवी, पण कोपऱ्यावर स्वतः उभं राहून. त्याहून कमी असतील तर बेल, आणि व्यापाऱ्याला फोनवर तीनच गोष्टी विचारा: मका किती दिवसांचा कापला, कणसासकट कापला का, आणि एक बेल फोडून बघायला देणार का. तिसऱ्यावर जो अडखळतो त्याच्याकडून मी घेत नाही. आम्ही स्वतः पिशव्या भरतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला कमी पडलं तर त्या 6.50 वाल्याकडूनच बेली मागवतो.

राहिलं ते प्लॅस्टिक. बाहेरच्या पिशव्या भंगारवाला घेतो. बेलीची चिकट, आंबूस फिल्म तो हातात धरत नाही. उंदीर आणि कावळे तिला भोकं पाडतात म्हणून बेली असेपर्यंत चिकटपट्टीचा रोल खिळ्याला टांगलेलाच असतो, आणि फोडल्यावर फिल्मचे तुकडे मोजूनमापून पोत्यात भरावे लागतात, कारण एखादा गव्हाणीत गेला तर गाय तो चाऱ्यासकट गिळते. बेल विकणाऱ्यांनी रिकामी फिल्म परत नेली तर मी किलोला दहा पैसे जास्त द्यायला तयार आहे. विचारलं होतं, अजून कुणी हो म्हटलेलं नाही.